काचेच्या तळाची होडी

पोवळं म्हटलं की आपल्यापुढे सोनाराकडची अंगठी येते. नवरत्नांत त्याची गणना, तेव्हा तो खडाच असणार असा आपला समज. पण पोवळे ही प्राण्यांची वस्ती आहे. असे इवलेसे असंख्य जीव समुद्रात एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन घर बांधतात. जुने मेले की त्यांच्या घरावर नवे घर चढवतात. अंगठीतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. उबदार, उथळ समुद्रातल्या त्याच्या भाऊबंदांनी मात्र अशा भिंती रचल्या आहेत की जहाजे त्यांवर आपटून फुटतात.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत अशी प्रवाळांची रांग सुमारे २,३०० किलोमीटर पसरली आहे. ११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन कुक याचे 'एन्डेव्हर' जहाज तिच्यावर चढून अडकले. भार हलका करण्यासाठी तोफासुद्धा समुद्रात टाकाव्या लागल्या. पुढे दुरुस्तीच्या वेळी पाहतात तो काय, भोकात पोवळ्याचाच एक तुकडा बुचासारखा घट्ट बसलेला! त्याच सफरीत एका हिरव्यागार बेटाला कुकने जहाजावरच्या ज्योतिर्विदाचे, म्हणजे चार्ल्स ग्रीनचे, नाव दिले.

या ग्रीन बेटावर १९३७ साली काचेच्या तळाची होडी सुरू झाली. आता तुम्ही म्हणाल, पाणी स्वच्छ असेल तर काच कशाला हवी? जरा विहिरीत वाकून पाहा. तरंग उठला की तळ मोडून जातो, आणि वर आभाळ चकाकते ते निराळेच. काच पाण्याला टेकली की तिच्याखाली तरंग उरत नाही, होडीच्या सावलीत चकाकीही जाते. ग्रीसचे स्पंज काढणारे लोक याच युक्तीने काचेच्या तळाची बादली पाण्यात धरून पाहत. या होडीमुळे मात्र पोहता न येणारी म्हातारी माणसेही बाकावर बसून प्रवाळ पाहू लागली. धीटांनी डोळ्यांवर काच लावली, श्वासाची नळी तोंडात धरली आणि पाण्यावर पालथे तरंगत तेच पाहिले.

या पाहण्याचा उपयोग काय, ते १९६७ साली कळले. तिकडच्या किनाऱ्यावर उसाचे मळे आहेत. उसाच्या जमिनीला चुना लागतो, हे तुमच्यापैकी काहींना मी सांगायला नको. एका ऊस-बागायतदाराने एलिसन नावाचे प्रवाळ खणून चुना काढण्याचा परवाना मागितला. प्रवाळ मेलेलेच आहे, मग नुकसान कुणाचे, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. वरवर पाहता बिनतोडच! त्या माणसाला दुष्ट ठरवायचे मला कारण दिसत नाही. स्वस्त चुना कोणाला नको असतो?

जॉन बुस्ट नावाच्या चित्रकाराने हरकत घेतली. इनिसफेल गावी सुनावणी झाली. विद्यापीठातल्या तरुण मुलांनी एलिसनवर जाऊन बुड्या मारल्या, जिवंत पोवळी आणि मासे मोजले, आणि ती मोजदाद पुराव्यात आली. मेलेले पोवळेही वाया जात नाही, बरं का! त्याच्या भेगांत मासे राहतात, त्याच्यावरच नवे पोवळे बसते. अर्ज नामंजूर झाला.

एवढ्यावर भागले नाही. पुढे तेलासाठी विहिरी खणण्याचा घाट घातला गेला, त्यावर मोठे आंदोलन झाले. ही सारी हकीकत ज्युडिथ राइट या कवयित्रीने लिहून ठेवली आहे. अखेर १९७५ साली संरक्षणाचा कायदा झाला.

आपल्याकडे मन्नारच्या आखातात चुन्यासाठी पोवळी वर्षानुवर्षे अशीच फोडली गेली. २००१ साली पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. आपल्या मालवणचा काही समुद्रही १९८७ पासून अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आज लोक नळी लावून पाण्यात डोकावतात. गुरुजी, मुलांना घेऊन तिकडे गेलात तर एवढे सांगा, की दमलात तर होडीला धरा, खालच्या खडकावर पाय टेकू नका. तो खडक नसेलही.