डॅशबोर्डवरील दिवे लुकलुकतात तेव्हा : बॅटरी बदलण्यापूर्वी काय तपासावे

रात्रीच्या प्रवासात मोटारीच्या डॅशबोर्डवरील दिवे लुकलुकू लागले, की पहिला संशय बॅटरीवर जातो आणि पुष्कळदा ती विनाकारण बदलली जाते. वस्तुतः इंजिन सुरू असताना दिवे, पंखा, वातानुकूलन यांना लागणारी वीज मुख्यत्वे अल्टरनेटर पुरवतो. बॅटरीचे प्रमुख काम इंजिन सुरू करून देण्याचे. त्यामुळे चालत्या गाडीतील दिवे थरथरत असतील, तर दोष अल्टरनेटरपासून दिव्यापर्यंतच्या वाटेवर कोठेही असू शकतो. नवी बॅटरी त्यावर फार तर काही दिवस पांघरूण घालते.

पाना हाती घेण्यापूर्वी थोडे निरीक्षण करावे. अंधारात गाडी एखाद्या भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावावेत. डॅशबोर्डबरोबर भिंतीवरचा प्रकाशही कमीजास्त होत असेल, तर दोष संपूर्ण वीजपुरवठ्यात आहे; केवळ डॅशबोर्डच लुकलुकत असेल, तर तो तेथल्याच जोडणीत शोधावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच लुकलुकण्याचा वेग बदलला, तर रोख अल्टरनेटरकडे जातो. खड्ड्यातून जातानाच दिवे विझून पेटत असतील, तर कोठेतरी तार किंवा टर्मिनल सैल आहे. (डॅशबोर्डचे मोबाइलवर चित्रण करताना दिसणारी थरथर मात्र मोजू नये. अनेक एलईडी दिवे डोळ्याला न जाणवणाऱ्या वेगाने चालू-बंद होत असतात आणि कॅमेरा तेवढेच टिपतो.)

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात आरंभ जोडण्यांपासूनच करणे शहाणपणाचे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे धातूच्या जोडण्या लवकर गंजतात. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट किंवा हिरवट-निळसर थर साचला असेल, किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर वीज अडखळणारच. इंजिन बंद करून आधी ऋण टर्मिनल सोडवावे, मग धन. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून तारेच्या ब्रशने थर घासावा, कोरडे पुसावे, जोडताना धन आधी व ऋण शेवटी घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. हातमोजे आणि चश्मा हवाच, कारण त्या थरात आम्लाचा अंश असतो. याहून अधिक दुर्लक्षित राहते ती अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला व इंजिनाला जोडणारी जाड तार. तिचा बोल्ट खोलून खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, एवढ्यावरही कित्येक गाड्यांचे दुखणे थांबते.

त्यानंतर मल्टिमीटर लावावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ असावा, संगणक-नियंत्रित चार्जिंग असलेल्या नव्या गाड्यांत तो याहून थोडा खालीवर होतो. इंजिन चालू असूनही आकडा बारा-साडेबाराच्या पुढे जात नसेल, तर अल्टरनेटर वीज देत नाही. पंधराच्या वर चढत असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बल्बांसह बॅटरीही धोक्यात आहे. मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अल्टरनेटरमधील डायोड निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा. सैल किंवा चकाकी आलेला बेल्टही हेच उपद्रव करतो. तो बदलणे त्या मानाने स्वस्त पडते. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी पद्धत अजूनही काही गॅरेजांत दिसते. ती कटाक्षाने टाळावी. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने गाडीचा संगणक जळू शकतो.

दोष डॅशबोर्डपुरताच असेल, तर प्रकाश कमीजास्त करणारा डिमर, मागचा सैल कनेक्टर किंवा फ्यूज तपासावा. मूळ बल्बांच्या जागी बसवलेले हलके एलईडी, किंवा मूळ तार सोलून जोडलेली म्युझिक सिस्टिम, हेही नेहमीचे अपराधी.

इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा एका लयीत उघडझाप करू लागला, तर ते विजेचे लुकलुकणे समजू नये. बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ इंजिनातील इंधन नीट पेटत नाही असा असतो, आणि तसेच दामटल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

बॅटरीच्या आकाराचा लाल दिवा लागला, तर गाडी केवळ साठलेल्या विजेवर चालली आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटात रात्री असे घडले, तर वातानुकूलन व संगीत बंद करावे, पण हेडलाइट विझवू नयेत. वस्तीची, उजेडाची जागा येईपर्यंत इंजिनही बंद करू नये, कारण ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. अपवाद एकच. तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते आणि अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप फिरतो. अशा वेळी पहिल्या सुरक्षित वळणावर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे.