छातीवरचा प्रतिध्वनी

माणसाच्या छातीत काय चालले आहे हे ती न फोडता कसे ओळखावे, या एका प्रश्नाचा इतिहास मला राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच रंजक वाटत आला आहे. व्हिएन्नातील वैद्य आउएनब्रुगर याने १७६१ साली छातीवर बोटे ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो एका खाणावळवाल्याचा मुलगा. मद्याची पिंपे कितपत भरली आहेत हे बाप ठोकून पाहत असे, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती सोडवत नाही! पुढे १८१६ साली पॅरिसात लेनेकने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून कान दिला, आणि स्टेथोस्कोप जन्मास आला.

कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीची पाळी विसाव्या शतकात आली. त्याच्या प्रतिध्वनीतून यकृत दिसले, हृदय दिसले, गर्भ दिसला. फुप्फुस तेवढे वर्ज्य राहिले. कारण साधे होते. हवेची सीमा आली की ही लहर जवळजवळ सगळीच माघारी फिरते. तेव्हा हे यंत्र फुप्फुसाच्या कामाचे नव्हे, असे पाठ्यपुस्तके सांगत.

पॅरिसलगतच्या आंब्रुआझ पारे रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचे डॉक्टर डॅनियल लिश्टेनस्टाईन यांनी नेमका हाच अडसर कामाला लावला. हवेपलीकडचे दिसत नाही ना? मग हवेने लहरीचे काय केले ते पाहू! निरोगी फुप्फुसाचे आवरण प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखाली सरकताना पडद्यावर दिसते. (घोड्यांच्या बाबतीत एका पशुवैद्याने हे १९८६ सालीच नोंदवले होते.) हे सरकणे दिसले की त्या जागी फुप्फुसाबाहेर हवा साठलेली नाही, हे १९९५ साली त्यांनी सहकाऱ्यासह मांडले. फुप्फुसात पाणी झिरपू लागले की धूमकेतूच्या शेपटीसारख्या उभ्या रेषा उमटतात, हे १९९७ साली. इतरांनी यंत्राचा दोष म्हणून सोडून दिलेल्या या रेषा होत.

येथे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. धाप लागून निळा पडलेला माणूस समोर आहे. फुप्फुसात पाणी आहे, श्वासनलिका आवळल्या आहेत, की रक्ताची गुठळी अडकली आहे? एकाचा उपचार दुसऱ्याला घातक ठरू शकतो, आणि अशा माणसाला स्कॅनसाठी हलवणे हेही संकटच. लिश्टेनस्टाईन आणि मेझिएर यांनी २००८ साली असे २६० रुग्ण प्रसिद्ध केले. खाटेपाशीच काही मिनिटांत केलेल्या तपासणीने ९०.५ टक्के निदाने बरोबर आली. आकडा मोठाच आहे. परंतु ज्यांचे निदान अखेरपर्यंत ठरले नाही, किंवा ज्यांना एकाच वेळी दोन विकार होते, त्यांना या गणतीतून वगळले होते, हे वाचकाने विसरू नये. खाटेवरचा म्हातारा पुष्कळदा त्या वगळलेल्यांपैकीच असतो.

आपल्याकडे या यंत्राची एक निराळी कथा आहे. मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी त्याचा वापर झाला. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ साली तसाच कायदा देशासाठी झाला. त्यामुळे गर्भ दाखवू शकणारे यंत्र अतिदक्षता विभागात केवळ धापेच्या रुग्णांसाठी आणले, तरी त्याची सरकारदरबारी नोंदणी करावीच लागते.