पाटणाचे अरण्य

चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या पायथ्याशी, पाटणादेवीचे देऊळ आहे. भोवती १९८६ साली घोषित झालेले गौताळा-औट्रामघाट अभयारण्य. तेथे येणारा सहलकरी सहज म्हणून जातो, ‘किती पुरातन हे अरण्य!’ देऊळ पुरातन आहे, यात शंका नाही. अरण्याविषयी मात्र थोडे थांबून बोलावे लागेल.

याच पाटणात डॉ. भाऊ दाजी लाड यांना इ.स. १२०७ चा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, अशी त्यात नोंद आहे. विद्वानांची दृष्टी साहजिकच भास्कराचार्यांवर खिळली. मला मोलाचा वाटतो तो लेखातील मराठी भाग. बाजारात येणाऱ्या मालावरील कराचा वाटा, तेलाच्या घाण्यामागे ठरलेले तेल, असे मठाचे उत्पन्न त्यात सांगितले आहे. म्हणजे आज जेथे रान आहे तेथे तेली होते, व्यापारी होते, गिऱ्हाईक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लष्करांची धामधूम, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढारी यांनी खानदेश उजाड केला. शेतांवर झाडी माजली, वाघ गावकुसापर्यंत आले. घाटवाटा भिल्ल नाईकांच्या हाती होत्या. गावांकडून व वाटसरूंकडून ते आपला हक्क वसूल करीत. इंग्रजांनी त्यास लूट म्हटले. १८२५ मध्ये जेम्स औट्रामने भिल्लांचीच पलटण उभारली. कन्नडचा घाट आजही त्याचे नाव सांगतो. पुढे १८७८ च्या कायद्याने जंगलावर सरकारचा ताबा पक्का झाला.

डोंगर माणसाला घडवतो, असे जुने समाजशास्त्र मानी. इतिहासकार सुमित गुहा यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारताचे दाखले देऊन वेगळे दाखविले: वनवासी हे काळाबाहेर राहिलेले लोक नव्हेत; राजे, शेतकरी आणि बाजार यांच्याशी चाललेल्या झगड्यातून त्यांचे जीवन घडले. पाटणाकडे पाहता मला हे पटते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींवरील ऐतिहासिक अन्याय मान्य केला. दाव्यासाठी वडीलधाऱ्यांची साक्ष चालते, तशीच गॅझेटियरमधील नोंदही. तेल्याच्या तेलाचा हिशोब दगडावर राहिला. घाट राखणाऱ्या नाईकांचा हक्क शोधायचा, तर १८८० चे खानदेश गॅझेटियर उघडावे लागते, आणि ते लिहिले त्यांना घाटावरून उतरविणाऱ्या सरकारनेच.