व्हायोलिनच्या पोटातली चिठ्ठी

लंडनच्या लिलावात जुनं इंग्लिश व्हायोलिन विक्रीला निघालं, की जाणकार गिऱ्हाईक ते खांद्याला लावण्याआधी बॅटरी घेऊन त्याच्या पोटात डोकावतं. पाठीच्या फळीवर आतल्या बाजूनं कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते. कारागिराचं नाव, गाव आणि साल. आम्ही गझल लिहिणारे मक्त्यात तखल्लुस गुंफतो, तशीच ही सही. फरक एवढाच, की शेरातला तखल्लुस उपटला तर सहसा वजन बिघडतं आणि चोरी उघडी पडते. चिठ्ठीला मात्र थोडी ओल लावली की ती सुटते आणि तिथं दुसरी बसते.

इंग्लंडच्या कारागिरांचं दुर्दैव या चिठ्ठीतच आहे. अठराव्या शतकात त्यांच्यापुढचा मोठा आदर्श म्हणजे टिरोलचा याकोब स्टायनर. त्याच्या वळणाचं व्हायोलिन फुगीर पोटाचं, आवाजानं गोड पण लहान. दिवाणखान्यातल्या मैफलीला पुरेसं. सॉल्सबरीचा बेंजामिन बँक्स (१७२७–१७९५) इटलीतल्या आमाती घराण्याच्या वळणावर काम करी. लंडनच्या होबर्न भागातल्या रिचर्ड ड्यूकचाही मोठा लौकिक होता.

मग १७९२ मध्ये इटालियन वादक व्हियोत्ती लंडनला आले. त्यांच्या हातात क्रेमोनाच्या स्त्रादिवारीनं घडवलेलं व्हायोलिन होतं. चपट्या घाटाचं, दमदार, मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं. कान बदलले, तसे भावही बदलले. इटालियन नावाला सोन्याचं मोल आलं आणि इंग्लिश नाव मागं पडलं.

इथून लबाडीला सुरुवात झाली. चांगल्या इंग्लिश व्हायोलिनमधली मूळ चिठ्ठी काढायची, इटालियन नावाची लावायची आणि चढ्या भावानं विकायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा लंडनचा डॅनियल पार्कर असाच झाकला गेला. त्याची वाद्यं इटालियन म्हणून खपली. पुढे फ्रिट्झ क्राइस्लरसारख्या थोर वादकानं पार्करचं व्हायोलिन जवळ बाळगलं, ही त्याच्या कारागिरीला मिळालेली पावती.

ड्यूकच्या वाट्याला उलटा अन्याय आला. तो पाठीवर, मानेच्या सांध्याखाली ‘ड्यूक लंडन’ असा ठसा उमटवी. त्याच्या मृत्यूनंतर जर्मनीतल्या स्वस्त, घाऊक व्हायोलिनांवरही तोच ठसा मारला गेला. एकाचं काम राहिलं, नाव गेलं. दुसऱ्याचं नाव राहिलं, पण काम भलत्याचंच!

आता थोडा न्याय लाकूडच देतं. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची असते. झाड दरवर्षी एक रेघ वाढतं. फळीतली शेवटची रेघ ज्या वर्षाची, त्याआधी ते वाद्य घडणं शक्य नाही. ड्यूक १७८३ मध्ये वारला. त्याच्या नावाच्या वाद्यात १८२० ची रेघ निघाली, तर चिठ्ठी खोटी. मात्र हात कोणाचा, हे लाकूड सांगत नाही. ते कडांच्या, डोक्याच्या वळणावरून जाणकारानंच ओळखायचं. म्हणून लिलावाच्या यादीतले शब्द नीट वाचावेत. ‘अमक्यानं घडवलेलं’ आणि ‘अमक्याच्या नावाची चिठ्ठी असलेलं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. दुसऱ्या शब्दांत विक्रेता फक्त कागदाची हमी देतो.

२०११ मध्ये स्त्रादिवारीचं १७२१ सालचं ‘लेडी ब्लंट’ व्हायोलिन सुमारे ९८ लाख पौंडांना विकलं गेलं. लेडी ब्लंट ही कवी बायरनची नात, त्या व्हायोलिनची एके काळची मालकीण. कारागिराचं नाव तर टिकलंच, पण काही वर्षं जिच्या घरी ते राहिलं तिचंही नाव त्याला चिकटलं. आणि ज्यांनी लाकूड निवडलं, तासलं, रोगण चढवलं, त्या कितीतरी इंग्लिश हातांना स्वतःच्याच वाद्यात चिठ्ठीएवढी जागा उरली नाही.

जुनं व्हायोलिन विकत घेणाऱ्यानं भाव जरूर करावा. पण पोटातली चिठ्ठी वाचून झाल्यावर दिवा विझवावा आणि तारांवर गज ठेवावा. कारागिराची एक सही तिथंही असते, आणि ती कोणाला खरवडून काढता येत नाही.