खुब्याचा सांधा बदलल्यानंतर: चालावे किती, जपावे किती?

खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि त्याला सामावून घेणारी कटिरातील खोबण. संधिवाताने तो झिजला किंवा रक्तपुरवठा थांबून माथा खचला, की कृत्रिम सांधा बसवतात. बोलीभाषेत याला ‘बॉल बदलला’ म्हणतात; संपूर्ण सांधारोपणात मात्र बॉल आणि खोबण दोन्ही बदलली जातात.

या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी. त्यांनी आधी वापरलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या. त्यानंतर नोव्हेंबर १९६२ पासून राइटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिथिलिनची वाटी वापरली. तरीही झिजेची भीती मागे उरलीच, आणि ती निराधार नव्हती. झीज सांध्याच्या वयापेक्षा वापरावर अवलंबून असते. झिजेतून सुटलेल्या सूक्ष्म कणांविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देते, त्यात भोवतालचे हाड विरघळते आणि सांधा सैल होतो. ‘जपून राहा’ हा सल्ला त्यातून आला.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सुधारित पॉलिथिलिनमुळे झीज बरीच घटली. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ८९ टक्के सांधे १५ वर्षे, ७० टक्के २० वर्षे आणि ५८ टक्के २५ वर्षे टिकले. पंचवीस वर्षांचा आकडा अर्थातच जुन्या बनावटीच्या सांध्यांचा आहे. तरीही पन्नाशीतल्या रुग्णाला पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्याला आधीच सांगितलेले बरे.

एक गोष्ट मात्र कुटुंबीयांच्या लक्षात येत नाही. वेदना जाते, रुग्ण समाधानी असतो, पण हालचाल तितकी वाढत नाही. अंगावर बांधलेल्या मापकाने हालचाल मोजणाऱ्या अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीही ती जवळपास पूर्वीइतकीच आढळली आहे. दुखण्याच्या वर्षांत अंगवळणी पडलेली बसून राहण्याची सवय सांध्याबरोबर बदलत नाही. घरची मंडळीही काळजीपोटी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात! या बसून राहण्याने हृदय, मधुमेह आणि स्नायूंचे जे नुकसान होते, त्याची भरपाई नवा सांधा करू शकत नाही.

बर्लिनमध्ये संवेदक बसवलेल्या कृत्रिम सांध्यांवरील भार प्रत्यक्ष मोजला गेला. साधे चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भरला, जिना चढताना किंचित अधिक. ठेच लागून तोल गेला, तेव्हा मात्र तो सात-आठपट झाला. म्हणजे खरा धोका चालण्यापेक्षा अडखळण्यात अधिक आहे. म्हणूनच नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम महत्त्वाचा. ते दुबळे राहिले तर माणूस लंगडतो आणि तोल जातो. सुरुवातीला काठी घ्यायची ती शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या विरुद्ध हातात.

चालणे, पोहणे, स्थिर सायकल यांना सहसा हरकत नसते. फुटबॉलसारखे धक्काबुक्कीचे खेळ बहुतेक डॉक्टर टाळायला सांगतात. धावण्याबाबत त्यांच्यात मतभेद आहेत.

आपल्याकडचा हमखास प्रश्न म्हणजे चवथीला पाटावर बसता येईल का? सांधा निखळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. छेद मागील बाजूने घेतला असेल, तर मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकवून आत वळवणे धोक्याचे. पुढील बाजूच्या छेदाला नियम वेगळे. त्यामुळे शेजारच्या काकांना चालले ते आपल्याला चालेलच असे नाही. आपल्या शल्यविशारदांनाच विचारावे. पहिल्या वर्षी पूजेला खुर्ची घेतली, तर देवाची हरकत नसावी.

सांधा सैल होण्याची प्रक्रिया अनेकदा वेदनेविना सुरू होते, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढणे टाळू नये. बरी वर्षे गेल्यावर जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखू लागले, किंवा तापासह सांध्यात ठणका लागला, तर मालिश करून वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.