घरपट्टी, हलालखोर कर आणि जुना फ्रिज

मागच्या काही भागांत आपण किल्ले पाहिले, बंदरं पाहिली. आज दाराच्या आतच थांबू या. विषय आहे घरपट्टीचं बिल आणि माळ्यावर पडलेला जुना टीव्ही. एक पालिकेचा कागद आणि एक भंगार, यांचा एकमेकांशी संबंध काय, असं वाटेल. पण मुंबईचा इतिहास उघडून बघा, ही दोन जुनी भावंडं आहेत.

सुरुवात क्रॉफर्डपासून करतो. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पालिका आयुक्त मिळाला आणि त्या खुर्चीवर आर्थर क्रॉफर्ड बसला. गटारं, रस्ते, मंडई, सगळं त्याने झपाट्याने काढलं. ज्याला आज आपण महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतो, ती त्याच काळातली. पण पैसा पाण्यासारखा गेला आणि १८७१ मध्ये करदाते चिडले. आमच्या घरांवर कर लावता, मग खर्चाचा हिशेब कोणाला देता, हा त्यांचा प्रश्न. तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा वेगळा मुद्दा मांडला. दोष एकट्या माणसाचा नाही, रचनेचा आहे. करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची पालिका आली आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. थोडक्यात, या शहरात मत आधी घरपट्टीच्या पावतीला मिळालं, माणसाला नंतर. ज्याच्याकडे पावती नाही, त्याला आवाजही नाही.

मग आला १८८८ चा कायदा. गंमत म्हणजे दुरुस्त्या होत होत तोच आजही मुंबईत लागू आहे. त्यात मालमत्ता कराचे तुकडे पाडलेले होते: सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि हलालखोर कर. हा शेवटचा शब्द ऐकून मी थबकलो होतो. हलालखोर म्हणजे मैला वाहून नेणारा सफाई कामगार. शब्दाचा मूळ अर्थ कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. घरातली घाण बाहेर कोणी न्यायची, हे जातीने ठरवलं आणि त्याचे पैसे घराच्या मूल्यावर बसवले. पुढे हे नाव गेलं आणि बिलात मलनिःसारण कर आला. आजचं मुंबईचं बिल काढून बघा, मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर असे वेगळे रकाने दिसतील. तो रकाना म्हणजे हलालखोर कराचा नातू.

आता हा कर मोजायचा कसा? जुनी पद्धत भाड्याची. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा, उरलं ते करयोग्य मूल्य. कागदावर पद्धत सरळ होती. पण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. भाडं गोठलं, तसं करयोग्य मूल्यही गोठलं. मालक स्वतः राहत असला तरी कर प्रमाण भाड्याच्या वर जाऊन लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने देवन दौलत राय कपूर खटल्यात सांगितलं. परिणाम काय झाला? गिरगावातल्या मोक्याच्या जुन्या इमारतीला किरकोळ कर आणि लांबच्या उपनगरातल्या नव्या छोट्या फ्लॅटला भरभक्कम.

हे मोडायला मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्य पद्धत आली. रेडी रेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, यांचा गुणाकार. त्यातही पालिकेने जमिनीवर भविष्यात किती बांधता येईल ते मोजायला घेतलं. घरमालक कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. जे आज उभं आहे त्यावर कर, उद्या उभं राहू शकेल त्यावर नाही. १८७१ ची ती भांडणं संपलेली नाहीत, असं मला वाटतं ते यामुळे.

मग आपण काय करायचं? बिल आलं की रक्कम बघण्याआधी क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि बांधकामाचं वर्ष तपासा. राहत्या घराची नोंद व्यापारी म्हणून झाली असेल, तर आकडा कुठल्या कुठे जातो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे, म्हणून त्या सीमेवरच्या घरांनी चटई क्षेत्राची नोंद नीट बघावी. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांना १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती २०१९ मध्ये सरकारने काढली आणि २०२३ मध्ये परत दिली. पण २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्यांना पीटी-३ अर्ज भरावा लागतो. सवलत आपोआप घरी चालत येत नाही. आकारणीची नोटीस आली तर त्यात दिलेल्या मुदतीतच हरकत घ्या, तीही लेखी, आणि पोच घ्या. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला २४. बँकेत एवढं व्याज कोणी देत नाही! आणि एक लक्षात असू द्या, घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. वडिलांच्या पश्चात घर नावावर करायचं तर त्याची कागदपत्रं वेगळी.

आता दुसऱ्या भावंडाकडे येऊ. गोदरेजने भारतात फ्रिज बनवला १९५८ मध्ये. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ ला, आणि १९८२ च्या एशियाडने रंगीत टीव्ही घरोघरी आणला. तोवर आपल्या घरातून काही फुकट जातच नव्हतं. जुने कपडे बोहारणीला, पेपर रद्दीवाल्याला, पितळ मोडीत. त्याच सवयीने टीव्हीही भंगारवाल्याकडे गेला. तो आपल्याला वर पैसे देतो, म्हणून वाटतं की ही घाण न्यायला कोणालाच किंमत पडत नाही.

पडते ना. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की विषारी धूर निघतो. जुन्या फ्रिजमधला वायू ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला, पण जुन्या यंत्रात तो अजून बंदिस्त असू शकतो. पाइप कापला की सुटला. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हे काम हातांनी चालतं. हलालखोर कर निदान बिलावर छापलेला होता. हा कर दुसऱ्याच्या फुफ्फुसातून वसूल होतो आणि त्याची पावतीही फाडली जात नाही.

कायद्याला हे उशिरा कळलं. २००१ च्या नियमांनी जुनी शिशाची बॅटरी परत घेणं विक्रेत्यांवर आलं. ई-कचऱ्याचे नियम २०११ चे, लागू १ मे २०१२ पासून. मग २०१६ चे, आणि १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे. त्यांचं सूत्र एकच, ज्याने वस्तू बनवली त्याने तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यायची. यादीतल्या वस्तू २१ वरून १०६ झाल्या. म्हणजे वस्तू बनवणाऱ्याच्या या जबाबदारीचा खर्च आपण खरेदीच्या किमतीतच मोजतो. मग तो फुकट का घालवायचा?

म्हणून नवा फ्रिज घेताना जुना परत घेण्याबद्दल दुकानदाराला विचारा, आणि तो पुढे कुठे जातो तेही विचारा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला नोंदणीकृत पुनर्वापर करणारा शोधा. यंत्र अख्खं द्या, घरी खोलू नका. ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, वेगळ्या ठेवा. मोबाइल, संगणक देण्याआधी आतली माहिती पुसा. दोन-तीनशे रुपये कमी मिळतील, हे खरं आहे. पण उरलेला हिशेब मग दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढत नाही.

क्रॉफर्डच्या काळातल्या करदात्यांनी विचारलं होतं, आमचे पैसे जातात कुठे. आपण त्यात एकच भर घालू या, आमची घाण जाते कुठे? या आठवड्यात बिल काढा, रकाने वाचा, आणि तुमच्या शहरातल्या बिलावर काही जुना, विचित्र वाटणारा रकाना दिसला तर मला नक्की कळवा. त्यावर एक भाग करू. भेटू पुढच्या वेळी.