माहिती कोणाची, लेखणी कोणाची?

शहापूर-मुरबाडच्या पाचवी ते सातवीच्या मुलांना माहितीपर लेखन कसं शिकवावं, हा आजचा प्रश्न. आपण त्याकडे इतिहासातून बघू.

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलं की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख दिसतो. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, सारं आकड्यांनिशी. हे माहितीपर लेखनच की! पण राजघराण्याचं. घाटातून ओझी वाहणाऱ्यांनी काय पाहिलं, ते त्यात नाही. पुढे १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. त्यात कातकरी, ठाकूर आले. पण माहितीचा विषय म्हणून, लेखक म्हणून नव्हे.

त्याआधीच, १८५५ मध्ये, पुण्यात वेगळं काही घडलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईत काय चालत असे, बाळंतिणीच्या घरावर छप्परही कसं नसतं, हे तिने सांगितलं. जिच्याविषयी इतरांनी लिहायचं, तीच लिहू लागली.

आपल्या वर्गात मात्र अजून बऱ्याचदा ‘पाणी हेच जीवन’ फळ्यावरून वहीत उतरतं. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवतं, आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हंडा वाहणाऱ्या मुलीला पाण्याविषयी काय कमी ठाऊक आहे?

म्हणून तिला एकच विचारावं : हे तुला कसं कळलं? न्यायदर्शनातली प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणं इथं कामाला येतात. वहीत तीन रकाने पाडा : मी पाहिलं, मी ताडलं, मला सांगितलं. फेऱ्या मोजू द्या, आजीला विचारू द्या. मग ज्याने तो पाडा पाहिलाच नाही, अशा वाचकासाठी क्रम लावू द्या. घरच्या बोलीतला शब्द खोडू नका. पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ लिहायला सांगा. शेवटी शेजारच्या मुलाने वाचून विचारावं, ‘हे मला समजलं नाही.’ शुद्धलेखन त्यानंतर.

अशी वही भरली, की त्या पाड्याची नोंद पहिल्यांदाच पाड्याच्या हातची असेल. शिकवायचं ते यासाठी.